कडावचा कॅन

कागदाची पट्टी बाटलीत बुडवून अण्णांनी मनातल्या मनात दहा आकडे मोजले. बाहेर काढली तेव्हा ती जांभळट निळी झाली होती. डबीवरच्या रंगांच्या तक्त्याशी त्यांनी ती लावून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिली, मग खिडकीपाशी उजेडात नेऊन तिसऱ्यांदा पाहिली. आकडा तोच होता, अकरा. साध्या पाण्याचा सात येतो, अकरा म्हणजे कडक अल्कली.

"वाटलंच होतं मला," अण्णा म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं. शैलाताई भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या आणि त्या घरात नाहीत हे बघूनच अण्णांनी हा उद्योग आरंभला होता.

अण्णा टिपणीस म्हणजे भिसेगावातला जुना माणूस. मोहोपाड्याच्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली. टँकर आला की आधी त्याचा नमुना अण्णांच्या टेबलावर यायचा, आणि अण्णांनी मान हलवल्याशिवाय टँकर रिकामा व्हायचा नाही. एकदा एका टँकरवाल्यानं खूश होऊन पेढ्यांचा पुडा आणून दिला, तर अण्णांनी आधी पेढ्यात पिठाची भेसळ आहे का ते तपासलं आणि मग वाटले. घरीही तेच. दूध आलं की बोटावर थेंब घेऊन ओघळ बघायचा, पनीरवर टिंक्चर आयोडीन टाकायचं, मधाची बाटली उजेडात धरायची. शैलाताई पाहुण्यांना हसून सांगायच्या, "बसा हो बिनधास्त, तुमचा नमुना अजून घेतला नाहीये त्यांनी." संशय घ्यायचा पगार अण्णांनी एकतीस वर्षं खाल्ला, आता निवृत्तीनंतर संशय फुकट घेत होते, एवढाच काय तो फरक.

पण आजचा संशय साधा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी इंदूबाई कडावहून नाचणी आणि तांदूळ विकायला दारावर येत. पायरीवर बसून चहा पिता पिता त्यांचं आणि शैलाताईंचं असं काही जमलं की दोघींनी मिळून घरच्या घरी वस्तू करायला घेतल्या. नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ, तांदळाच्या फेण्या. मग त्यात भांडी घासायचं रिठ्याचं पाणी आलं आणि लिंबाच्या साली गुळात आंबवून केलेलं फरशी पुसायचं पाणी आलं. पुण्याची सून अंतरा हिनं लेबलं छापून दिली, त्यावर 'रसायनमुक्त' असा शब्द होता. त्या एका शब्दावरून अण्णांनी चार दिवस वाद घातला. "जगात रसायनमुक्त असं काही नसतं. पाणी हेसुद्धा रसायनच आहे. खोटं छापू नका." शैलाताईंनी ऐकून घेतलं आणि लेबलं चिकटवली.

छत्तीस वर्षांच्या संसारात शैलाताईंनी स्वतःसाठी म्हणून काही केलं नव्हतं. आता मंगळवारी इंदूबाई यायच्या, दोघी मागच्या पडवीत रिठे फोडत बसायच्या, आणि आतून अण्णांना शैलाताईंचं हसणं ऐकू यायचं. आपली बायको एवढी मोठ्यानं हसते हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याचंही त्यांना थोडं नवलच वाटलं.

दिवाळीपर्यंत ते भांड्यांचं पाणी यथातथाच होतं. फेस यायचा, पण तेलकट कढई तेलकटच राहायची. गिऱ्हाइकं तोंडावर 'छान आहे हो' म्हणायची आणि दुसऱ्यांदा न्यायची नाहीत. मग दिवाळीनंतर इंदूबाईंनी कडावहून पाच लिटरचा एक पांढरा कॅन आणला आणि म्हणाल्या, "वैनी, परतेक पातेल्यात ह्यातलं पेलाभर घाला." आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "घरचंच पानी हाय. काय वाईट नाय." त्यापुढे एक अक्षर नाही. आणि त्या दिवसापासून करपलेली कढईसुद्धा आरशासारखी निघायला लागली. बाटल्या पुरेनाशा झाल्या. आता तर गावातल्या एका प्रसूतिगृहानं सत्त्वही मागितलं होतं आणि बाळांच्या वाट्या-चमचे धुवायला हे पाणीही. पुढच्या एक तारखेपासून द्यायचं होतं.

अण्णांची झोप उडाली ती तिथे. रिठा आंबटाकडे झुकणारा, त्याच्यानं तेल असं सुटत नाही. तेल असं सुटतं ते कॉस्टिक सोड्यानं. आणि इंदूबाईंचा मुलगा मनोज कुठे कामाला होता? त्याच कंपनीत, कंत्राटी कामगार म्हणून, तेही गोदामात, जिथे कॉस्टिकची पोती तोंडं उघडी ठेवून पडलेली असतात. त्याला तिथे कोणी लावलं होतं? अण्णांनीच शब्द टाकून.

सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं की अण्णांनी दुसरी कुठलीच तपासणी केली नाही. पट्टी खिशात ठेवली आणि शैलाताई परत यायच्या आत गजाला फोन लावला.

गजा अण्णांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा, आता शिफ्टचा प्रमुख होता.

"गजा, गोदामातलं कॉस्टिक कमी भरतंय का रे अलीकडे?"

"का अण्णा? काय झालं?"

"काही नाही. तो मनोज आहे ना कडावचा, त्याच्यावर जरा लक्ष ठेव. मला एक नमुना मिळालाय. अकरा येतोय."

"तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच नाही," गजा म्हणाला.

फोन ठेवल्यावर अण्णांना बरं वाटलं. बाळांच्या वाट्या वाचल्या, असं त्यांना मनापासून वाटलं. शैलाताईंना मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. उद्या मंगळवारच होता, दोघींच्या समोरच काय ते होऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी इंदूबाई नेहमीपेक्षा तासभर उशिरा आल्या. डोक्यावर नाचणीची पिशवी, हातात तो पांढरा कॅन. पडवीत न जाता त्या सरळ पुढच्या खोलीत आल्या आणि अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. घामानं चेहरा ओला झाला होता.

"अण्णा, तुमी जरा एक फोन करा. मनोजला आज गेटावरच थांबवलाय. पास काढून घेतला. कारन कोन सांगत नाय. तुमचा शब्द तिथं चालतो, तुमीच त्याला लावलंत. काय चुकलं आसंल तर विचारा, मी त्याला घेऊन येते पाया पडाया."

शैलाताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "अगं बाई, असं कसं थांबवलं? अहो, लावा ना फोन गजाला."

लक्ष ठेव म्हटलं होतं, थांबव म्हटलं नव्हतं, असं एक वाक्य त्यांच्या मनात तयार झालं, पण ते बोलायच्या लायकीचं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं. मग त्यांनी एकतीस वर्षं केलं तेच केलं. खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"इंदूबाई, हे काय आहे?"

"कागद हाय."

"कालच्या बाटलीत बुडवला होता. हा रंग बघा. हा कॉस्टिकचा रंग आहे. त्यानं कातडी सोलून निघते, आणि तुम्ही ते तान्ह्या बाळांच्या वाट्यांना द्यायला निघालात. ह्या कॅनमध्ये काय असतं ते आज सांगा."

इंदूबाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण दोन आणि दोन चार हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

"म्हंजे माझ्या पोरानं कंपनीतनं चोरून आनलं?"

"मी म्हणत नाही. कागद म्हणतोय."

"कागदाला माझ्या पोराचं नाव म्हाईत हाय?"

शैलाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की अण्णांनी नजर खाली घातली.

"तुम्ही फोन केला होतात," शैलाताई म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या. "काल. मी बाजारात गेले तेव्हा."

"शैला, प्रसूतिगृहाची जबाबदारी आहे ही. उद्या एखाद्या बाळाला..."

"मला विचारायचं होतंत. तिला विचारायचं होतंत. बाटली तर माझ्याच हातची होती ना? मग माझंही नाव सांगायचं होतंत गजाला. मी बायको म्हणून वाचले वाटतं."

इंदूबाईंनी पिशवी उतरवून भिंतीला टेकवली. कॅन मात्र हातातच ठेवला. "चला कडावला," त्या म्हणाल्या. "दोगं पन चला. तुमचे कागद पन घ्या, अण्णा."

टमटममध्ये तिघं एका बाकावर बसली होती, मध्ये शैलाताई. अण्णा शेतांकडे बघत होते आणि मनात उजळणी करत होते, रिठा आंबट, तेल सुटतं, गोदामात पोती. अजूनही सगळं जुळत होतं.

इंदूबाईंचं घर कडावच्या टोकाला होतं, मागे ओढ्यालगत केळीची पन्नासेक झाडं. कुंपणावर केळीची सोपटं, म्हणजे घड उतरवल्यावर तोडलेल्या खोडाची सालं, ओळीनं वाळत घातली होती. एका कोपऱ्यात दगडांच्या खळग्यात ती जाळलेली होती आणि पांढरी मऊ राख साठली होती. त्याच्या शेजारी तिवईवर एक मडकं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात भाताच्या पेंढ्याचा बोळा, वर गच्च भरलेली राख आणि त्यावर ओतलेलं पाणी. खालच्या पातेल्यात चहाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब पडत होतं.

"हा खार," इंदूबाई म्हणाल्या. "केळीचा खार. माझी सासू ह्याच्यावरच कापडं धुवायची. फेण्यांच्या पिठात पन चमचाभर ह्योच पडतो. वर्सानुवर्सं खाल्लाय आमी. लावा तुमचा कागद."

अण्णांनी लावला. पट्टी निळीजांभळी झाली. त्यांनी मान वर केली नाही. हळू आवाजात विचारलं, "लिंबू आहे का घरात?"

इंदूबाईंनी अर्धं लिंबू आणून दिलं. अण्णांनी ते पातेल्यातल्या पाण्यावर पिळलं आणि पाणी फसफसून वर आलं, सोड्याची बाटली उघडावी तसं.

कॉस्टिक असतं तर फसफसलं नसतं. लिंबू पडल्यावर फेसाळतो तो खार. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला अण्णा पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. कागद फक्त आंबट की अल्कली एवढंच सांगतो रे, कशामुळे ते सांगत नाही, त्याला दुसरी तपासणी लागते. गजालाही त्यांनीच शिकवलं होतं. काल घरात टोपलीभर लिंबं होती. एक पिळायला किती वेळ लागला असता? पण उत्तर आधीच ठरलेलं होतं, मग लिंबू कशाला पिळतील?

अण्णांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मडक्यासमोर उकिडवे बसले होते ते बसूनच राहिले.

"मग सांगितलं का नाहीत इंदूबाई?" शैलाताईंनी विचारलं. "मला तरी सांगायचंत."

"काय सांगू वैनी? राख हाय म्हनून?" इंदूबाई पदरानं हात पुसत राहिल्या. "तुमच्याकडं यायाच्या आधी मी भिसेगावात चार घरची भांडी करायची. एका बाईनं मला राखंनं घासताना बघितलं. समदी भांडी परत धुवून घेतली माझ्याकडनं, आन् वर म्हनली, राख म्हंजे घान, आमी शिकलेली मानसं हाय. तवापास्नं मी कुनाला राख म्हनून सांगितलं नाय. तुमच्या लेबलावर राख छापली आसती तर घेतलं आसतं का कुनी? तुमी तरी हात घातला आसता का?"

घातला असता, असं शैलाताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

अंगणातच उभं राहून अण्णांनी गजाला फोन लावला.

"गजा, माझं चुकलं. कॉस्टिक नव्हतं ते. केळीच्या राखेचा खार आहे. मनोजचा काही संबंध नाही. त्याला आत घे."

"चेष्टा करताय का अण्णा?"

"नाही रे बाबा. मी लिंबू पिळून पाहिलं नव्हतं."

"अण्णा, मी वर कळवलं कालच. तुमचं नाव घालून कळवलं. टिपणीसांचा नमुना म्हटल्यावर साहेबांनी दुसरं काही विचारलंच नाही. ठेकेदारानं आज सकाळीच दुसरा माणूस लावला. आता मी काय करू? तुमचा एक तरी रिपोर्ट आधी चुकला असता, तर लोकांनी दोनदा विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी अण्णा मोहोपाड्याला गेले. ज्या फाटकातून एकतीस वर्षं मान ताठ ठेवून आत गेले, तिथे पहारेकऱ्यानं त्यांना बाकावर बसवून ठेवलं. दोन तासांनी कोणीतरी तरुण साहेब बाहेर आला, 'काका' म्हणाला, आणि जे काय असेल ते लेखी द्या म्हणाला. अण्णांनी तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहून दिलं की मी चुकलो, मनोज निर्दोष आहे, माझ्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नये. साहेबानं वाचलं, "बघतो" म्हणाला आणि कागदाची घडी घालून आत गेला. पुढचा महिनाभर अण्णा दर चार दिवसांनी फोन करत राहिले. बघणं काही संपलं नाही. मनोज आता खालापूरच्या बाजूला कुणाच्या तरी फार्महाउसवर गवत कापायला आणि पोहण्याचा तलाव साफ करायला जातो. कंपनीत चोरी केली म्हणून काढलं, असं कडावात दोघा-चौघांच्या तोंडी अजूनही आहे. अण्णा त्याला भेटायला गेले तेव्हा तो नीट बोलला, पाणी दिलं, आणि काम आहे म्हणून उठला.

इंदूबाई आता काही येत नाहीत, असं शैलाताईंनी धरूनच ठेवलं होतं. कडावहून आल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी रिठे भिजवलेसुद्धा नाहीत. पण नेहमीच्या वेळेला इंदूबाई आल्या. पिशवी होती, कॅन होता. प्रसूतिगृहाला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही म्हणाल्या. अंतराकडून नवी लेबलं मागवून घ्या, त्यावर 'केळीची राख' असं मोठ्या अक्षरांत छापा, हेही सांगितलं. शैलाताईंनी लगेच तिला फोन केला.

पण इंदूबाई पूर्वीसारख्या सरळ पडवीत गेल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून त्यांनी अण्णांना हाक मारली. अण्णा पुढे आले. मग इंदूबाईंनी पिशवीतलं नाचणीचं सत्त्व चिमूटभर घेऊन जिभेवर टाकलं आणि गिळलं. फेणीचा तुकडा मोडून खाल्ला. भांड्यांच्या पाण्याची तयार बाटली उघडून दोन्ही हातांवर ओतली, कोपरापर्यंत चोळली, आणि हात तसेच अण्णांसमोर धरले.

"बगा अण्णा," त्या म्हणाल्या.

"इंदूबाई, कशाला हे? माझं चुकलं, मी म्हटलंय तुम्हाला."

"आसू दे. बगून घ्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णांनी तो सोसला असता. त्यानंतरचा प्रत्येक मंगळवार असाच जातो. पडवीतलं हसणं थांबलंय. दोघी रिठे फोडतात, बाटल्या भरतात, मोजकं बोलतात. प्रसूतिगृहाला माल वेळेवर जातो, तक्रार एकही नाही. अण्णांनी कागदाची डबी केव्हाच टाकून दिली आहे, तसं इंदूबाईंना सांगितलंही आहे, पण त्या आल्या की आधी उंबऱ्याबाहेर थांबतात, चाखतात, त्या पाण्यानं हात धुवून दाखवतात. अण्णांना 'ठीक आहे' म्हणावं लागतं. म्हटलं नाही तर त्या आत येत नाहीत, ओले हात पुढे धरून तशाच उभ्या राहतात.